पाटीचा भाव

‘टॅबलेट’ म्हटले की आमच्या घरातल्या आजींना अजूनही औषधाची गोळीच आठवते. त्यांच्या सोयीसाठी आम्ही या वस्तूला ‘पाटी’ म्हणू लागलो आणि म्हणता म्हणता हा शब्द किती नेमका आहे हे ध्यानात आले. इंग्रजीतही त्या शब्दाच्या मुळाशी लिहिण्याची छोटी फळीच आहे. आपल्याकडे आधी धूळपाटी होती, मग दगडी पाटी आली, नंतर पत्र्याची आणि प्लॅस्टिकची. या साऱ्या पाट्यांचा एक गुण समान होता. पाटीला मुलापेक्षा अधिक काही येत नसे. मूल लिहील तेवढेच तिच्यावर उमटे आणि पुसले की ती पुन्हा अडाणी होई. नवी पाटी मात्र मुलाने बोट लावण्याआधीच बोलू, गाऊ, नाचू लागते. तिला पुष्कळ येते आणि जे येते ते दाखवण्याची तिला घाईही असते. म्हणूनच तिची निवड दगडी पाटीइतकी सोपी राहिलेली नाही.

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. एकाची नोकरी कायम आहे, ती लोणावळा-पुणे लोकलच्या वेळापत्रकाला बांधलेली. दुसऱ्याचे अध्यापन तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास तेवढे मानधन, आणि तेही हाती पडते ते सत्र उलटून गेल्यावर. कन्या इथल्याच मराठी शाळेत पहिलीत आहे. गेल्या पावसाळ्यात अतिवृष्टीमुळे शाळेला वरचेवर सुट्या मिळाल्या, अभ्यास मोबाइलवर येऊ लागला आणि आमचा एक फोन कायमचा तिच्या ताब्यात गेला. तिच्या वर्गातल्या काहींकडे स्वतःची पाटी आली होती. तेव्हा पंधरा हजारांच्या आत एक बरी पाटी घ्यावी असे ठरले. पंधरा हजार म्हणजे किती तासिका, हा हिशेब आमच्या घरात आपोआपच होतो.

‘स्वस्त पाटी’ या कल्पनेला आपल्या परिसरात एक इतिहास आहे आणि तो खंडाळ्याचा घाट उतरला की लगेच भेटतो. रायगड जिल्ह्यातले कर्जतजवळचे खैराट हे छोटे गाव. २००७ साली तिथल्या एकशिक्षकी शाळेतील विशीच्या आसपास मुलांना हिरव्या-पांढऱ्या रंगाचे लहान संगणक मिळाले. अमेरिकेतील निकोलस निग्रोपाँटी यांच्या ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या योजनेचा भारतातला तो पहिला प्रयोग होता. हे यंत्र मुलांसाठीच घडवलेले होते. कळफलक रबराचा, आत फिरती तबकडी नाही, पडदा भर उन्हात वाचता येणारा आणि उलटा फिरवून मिटला की थेट पाटीसारखा हाती धरता येणारा. निग्रोपाँटी यांनी २००५ मध्ये त्याची किंमत शंभर डॉलर राहील असे सांगितले होते. उत्पादन सुरू झाले तेव्हा ती १८८ डॉलरच्या घरात गेली होती. आपल्या केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ही योजना २००६ मध्येच नाकारली होती आणि पुढेही ती इथे फारशी रुजली नाही.

मग आला ‘आकाश’. ५ ऑक्टोबर २०११ रोजी तत्कालीन मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिबल यांनी त्याचे दिल्लीत अनावरण केले. सरकारला एक नग पडत होता सुमारे सव्वादोन हजार रुपयांना आणि विद्यार्थ्याला तो त्याच्या निम्म्यात देण्याची घोषणा होती. जगातली सर्वांत स्वस्त पाटी म्हणून त्याचे कौतुक झाले. परंतु त्याचा पडदा नुसत्या स्पर्शाला नव्हे, दाबाला दाद देणारा होता, प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्‌झचा आणि स्मृती २५६ मेगाबाइटची. टीकेनंतर प्रकल्प आयआयटी मुंबईकडे आला आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये सुधारित ‘आकाश २’ राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते प्रकाशित झाला. तरीही काही वर्षांतच ‘आकाश’ हे नाव विस्मरणात गेले.

या दोन्ही कहाण्यांत किंमत हाच नायक आहे. वस्तू पुरेशी स्वस्त झाली की ज्ञान आपोआप दारी येईल, ही त्यांमागची श्रद्धा होती. पेरू देशाने ती मोठ्या प्रमाणावर तपासली. ग्रामीण भागातील ३१९ शाळांच्या अभ्यासावर आधारलेला इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेचा अहवाल २०१२ मध्ये आला. यंत्रे मिळालेल्या शाळांत दर मुलामागे एकाहून अधिक संगणक झाला होता, पण भाषेत आणि गणितात मुले पुढे गेल्याचे आढळले नाही. सामान्य बुद्धिकौशल्याच्या चाचण्यांत तेवढी थोडी वाढ दिसली. त्याच सुमारास निग्रोपाँटी यांच्या संस्थेने इथिओपियातील दोन खेड्यांत खोकीबंद टॅबलेट नेऊन ठेवले होते. मुलांनी ती खोकी उघडली, कळ शोधली, यंत्रे सुरू केली. मुलांना यंत्र शिकवावे लागत नाही, ही गोष्ट त्यातून पुरती सिद्ध झाली. आम्हांला ती आमच्या कन्येने फोनवर आधीच सिद्ध करून दाखवली होती. यंत्रातून पुढे काय शिकायचे, हा प्रश्न मात्र तिथेच उरतो.

हे सारे डोक्यात ठेवून आम्ही बाजारात गेलो. ‘खास मुलांसाठी’ म्हणून रंगीत रबरी वेष्टनात मिळणाऱ्या अनोळखी नावांच्या पाट्या सर्वांत स्वस्त होत्या. वेष्टन बाजूला केले की आत दोन गिगाबाइटची स्मृती आणि कित्येक वर्षांपूर्वीची अँड्रॉइड प्रणाली. अशी पाटी पहिल्या दिवशी चालते. पुढे एकेक ॲप अद्ययावत होत जाते, पाटी मात्र होत नाही, आणि सहा महिन्यांत मुलाला शिकवण्याऐवजी वाट पाहायला लावते. चार गिगाबाइट स्मृती, चौसष्टची साठवण, वरून कार्ड घालण्याची खाच, निदान काही वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या देण्याचे निर्मात्याचे आश्वासन आणि पुण्यात दुरुस्तीचे केंद्र, एवढ्या गोष्टी पाहाव्यात असे आमचे मत झाले. आकार साडेआठ इंचांच्या आसपासचा बरा, कारण दहा इंची पाटी सहा वर्षांच्या मनगटाला जड होते. सिमकार्डाची सोय आम्ही मुद्दाम टाळली. लोणावळ्याच्या जुलैत आधी वीज जाते, मग रेंज जाते. जे वाचायचे ते आधीच उतरवून ठेवलेले असले तरच पाटीचा उपयोग, आणि उतरवायला घरचे वायफाय पुरते. न्यू जर्सीच्या मामाने तिकडची मुलांसाठीची ‘फायर’ पाटी आणण्याची तयारी दाखवली होती. तिच्यावर गूगलचे ॲप-भांडार नसते, सारे त्या कंपनीच्या दुकानातूनच घ्यावे लागते, म्हणून आम्ही ती आदराने नाकारली.

दुकानदाराला खरे कोड्यात पाडले ते आमच्या पुढच्या परीक्षेने. प्रत्येक पाटीवर आम्ही ‘शाळा’, ‘लाल’, ‘दुसऱ्या’ आणि ‘ॲप’ हे शब्द टंकून पाहत होतो. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी देठाचा श आणि पाकळीचा ल प्रमाण मानला. कन्येच्या पाठ्यपुस्तकात हीच वळणे आहेत आणि बाई फळ्यावर हीच काढतात. पडद्यावर मात्र बहुधा हिंदी वळणाचे श आणि ल उमटतात. गंमत अशी की अनेक टंकांच्या पोटात दोन्ही वळणे असतात. मजकूर मराठी आहे असे यंत्राला सांगितलेले असेल तरच ते मराठी वळण काढते. कोणी सांगितलेले नसते. ‘ऱ्या’मधला डोळ्याच्या पापणीसारखा र आणि २००८ मध्ये युनिकोडात आलेला ‘ॲ’ आता बहुतेक ठिकाणी नीट दिसतात, पण एका स्वस्त पाटीवर ‘ॲ’च्या जागी नुसता चौकोन आला. अक्षरे नुकती ओळखू लागलेल्या मुलाने त्या चौकोनाला काय म्हणावे?

वळणाचे एक वेळ चालेल, कारण डोळे लवकर सरावतात. कानांचे प्रकरण अधिक नाजूक आहे. मराठीत च, ज, झ यांचे उच्चार दोन-दोन आहेत. ‘चार’मधला च निराळा आणि ‘चाक’मधला निराळा, लिपीत हा भेद दिसत नाही, तो घरात ऐकूनच येतो. ‘मराठी गोष्टी’ म्हणून मिळणाऱ्या काही ॲपांतला यांत्रिक आवाज सगळेच च हिंदीसारखे उच्चारतो. शेजारच्या मुलाच्या पाटीवर आठवडाभर खेळून आलेली आमची कन्या एके संध्याकाळी गाडीच्या ‘च्याका’विषयी बोलू लागली. लोणावळ्यात शनिवार-रविवारी रस्त्यावर मराठी कमीच ऐकू येते. बंगले मुंबईकरांचे, गिऱ्हाईक देशभरचे, त्यामुळे चिक्कीच्या दुकानातही बोलणे हिंदीतच सुरू होते. त्याविषयी आमची तक्रार नाही, गावाचे पोट त्यावर आहे. पण ज्या मुलीला चाकाचा च केवळ घरातूनच मिळणार, तिच्या घरात तो मोडणारा आवाज आपणच विकत आणून ठेवायचा का?

या प्रश्नावर आमचे दोघांचे एकमत नव्हते. एकाचे म्हणणे, दहा वर्षांपर्यंत पाटी नकोच; तेवढ्या पैशांत पुस्तकांचे एक कपाट भरेल. दुसऱ्याचे म्हणणे, पुस्तकांचे कपाट आपल्याकडे आहेच. वर्गातली मुले ज्याविषयी बोलतात त्यापासून मुलीला दूर ठेवणे हाही एक तोटाच आहे, आणि ज्या भाषेची मुले पडद्यावरून आवरून घेतली जातात त्या भाषेत पडद्यासाठी कोणी काही करीत नाही. दोन्ही बाजूंत तथ्य होते. रात्री उशिरापर्यंत चाललेल्या या वादात लक्षात आले की आम्ही भांडतो आहोत ते पाटीवरून नव्हे. कन्येजवळ बसायला दोघांपैकी कोणाकडे वेळ आहे, हा तो वाद होता. पाटी हवी म्हणणाऱ्याला थोडी उसंत हवी होती. पाटी नको म्हणणारा रोज रात्री आठच्या लोकलने परतत होता.

बालरोगतज्ज्ञांचे सांगणे येथे उपयोगी पडले. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांना पडदा नको, दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त तास, तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली, आणि पाच ते दहा वर्षांत दोन तासांहून कमी. त्याहून आम्हांला विचारात पाडले ते ‘पेडियाट्रिक्स’ या अमेरिकन नियतकालिकात २०१९ मध्ये आलेल्या एका छोट्या अभ्यासाने. ३७ पालकांनी आपापल्या लहानग्याला कागदी पुस्तक आणि टॅबलेटवरचे पुस्तक वाचून दाखवले. कागदी पुस्तकापाशी दोघेही अधिक बोलले. म्हणजे पाटी शेजारी बसलेल्यांनाही गप्प करू शकते. तेव्हा नुसते जवळ बसून भागत नाही, बोलावेही लागते.

अखेर एका परिचित कंपनीची साडेआठ इंची साधी पाटी घेतली. प्रणालीची भाषा मराठी केली, यांत्रिक वाचनाचा आवाज बंद केला. ‘किशोर’ मासिक बालभारतीने १९७१ पासून चालवले आहे. त्याचे जुने अंक आता मोफत वाचायला मिळतात. त्यांतले निवडक अंक, बालभारतीची पुस्तके आणि प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वरच्या काही चित्रमय मराठी गोष्टी वायफाय असताना उतरवून घेतल्या. खेळ दोनच ठेवले. पाटी राहते स्वयंपाकघरातल्या फळीवर, आणि तिथून ती कोणा मोठ्यासोबतच खाली उतरते. वेळ ठरलेला, रात्रीच्या जेवणाआधीचा तास. त्या तासासाठी एकाने लोकल बदलली आणि दुसऱ्याने संध्याकाळची एक तासिका सोडली. सोडलेल्या तासिकांचे वर्षाचे मानधन पाटीच्या किमतीहून अधिक भरते. दुकानातल्या कोणत्याही पाटीवर ही किंमत लिहिलेली नव्हती. खैराटच्या शंभर डॉलरांत आणि ‘आकाश’च्या सव्वादोन हजारांतही ती धरलेली नव्हती. ज्या घरात दोघांनाही तासिका सोडणे परवडत नाही, तिथे सर्वांत स्वस्त पाटीच सर्वांत महाग पडते.

उत्तरपत्रिका तपासण्याच्या दिवसांत आमचाही तो तास निघत नाही. तेव्हा आजी पुढे होतात. चष्मा लावूनही पडद्यावरची अक्षरे त्यांना बारीक वाटतात, म्हणून कन्याच त्यांना मोठ्याने वाचून दाखवते. ‘चाक’ चुकले की आजी तिथेच थांबवतात आणि बरोबर म्हणून घेतल्याशिवाय पान उलटू देत नाहीत.