सांगकाम्या

माझ्या लहानपणीं आमच्या घरीं एक गडी होता. त्याच्या प्रामाणिकपणाचा आईला मोठा अभिमान वाटे. बाजारहाटांतून उरलेली पै न् पै तो परत आणून देई. पण त्याच्या अंगीं एक अवगुण होता. दुकानदारानें सहज विचारलें, कीं तो घरांतलें सारें सांगून मोकळा होई. दागिने कोणत्या फडताळांत आहेत, हेंसुद्धां! त्यांत वाईट हेतु कांहींच नसे. विचारणाऱ्याला नाहीं म्हणावयाचें असतें, हें त्याला कोणीं शिकविलेंच नव्हतें.

त्या गड्याची आठवण मला परवां अकस्मात् झाली. आमच्या गांवच्या वाचनालयाची ग्रंथसूचि मी घरच्या संगणकावर बसून संभाळतों. सूचि असते दूरच्या सर्व्हरवर. तेथून नोंदी आणण्या-नेण्याचें काम संगणकांतला एक क्लायंट प्रोग्रॅम करतो. सुटींत आलेल्या भाच्यानें तो पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"मामा, हा फार जुना आहे. सर्व्हर मागेल ती फाइल हा देऊन टाकील."

"अरे, मागणारे आपण, सर्व्हर कसा मागेल?" मी हंसून म्हणालों.

त्यानें समजावून सांगितलें तें असें. मायएस्क्यूएल या डेटाबेस-प्रणालींत 'लोड डेटा लोकल' नांवाची एक आज्ञा आहे. आपल्याकडची फाइल सर्व्हरवर एकदम चढवावी, एवढाच तिचा हेतु. पण व्यवहार असा होतो : क्लायंट आज्ञा धाडतो, सर्व्हर फाइलीचें नांव सांगून ती मागतो, आणि क्लायंट त्या नांवाची फाइल पाठवितो. सर्व्हर लबाड असला, तर भलत्याच फाइलीचें नांव सांगूं शकतो; नव्हे, एखाद्या साध्या चौकशीच्या उत्तरादाखलहि तो अशी मागणी करूं शकतो! ही सूचना त्या प्रणालीच्या माहितीपुस्तकांतच दिलेली आहे. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या ८.० आवृत्तींत ही सोय मुळांतच बंद ठेवण्यांत आली. माझा प्रोग्रॅम त्यापूर्वींचा होता.

माझें हंसूं मावळलें. त्याच संगणकांत माझ्या दिवंगत पत्नीचीं पत्रें मीं उतरवून ठेवलेलीं आहेत. तीं मुलांनाहि दाखविलेलीं नाहींत. कोण्या परक्यानें नुसतें नांव घ्यावें आणि माझ्याच सेवकानें तीं मुकाट्यानें त्याच्या हातीं ठेवावीं, या कल्पनेनें अंगावर कांटा आला. आपल्या दारीं येणाऱ्याचें भय आपण धरतों, कुलपें लावतों. पण ज्याच्या दारीं आपण होऊन जातों, त्याच्याविषयीं किती निःशंक असतों!

भाच्यानें नवा प्रोग्रॅम बसविला, ती सोय बंद असल्याची खात्री करून घेतली आणि मी निर्धास्त झालों.

त्याच संध्याकाळीं फोन वाजला. बँकेंतून बोलत असल्याचें सांगणारा तो आवाज मोठा अदबशीर होता. त्यानें जन्मतारीख विचारली. दिवस आणि महिना मीं सांगूनहि टाकला, आणि मग समोर बसलेल्या भाच्याचे विस्फारलेले डोळे मला दिसले.

आमच्या त्या गड्याला हंसण्याचा माझा अधिकार त्या क्षणीं संपला.