जेरीकॅनची घसरगाडी

रुआबांध्यात बर्फ मिळतो तो उसाच्या रसाच्या गाड्यावर. डिसेंबरात पेटीतून स्वेटर बाहेर आला की थंडी पडली असं समजायचं. अशा ठिकाणी वाढलेल्या माणसाने बर्फावर काय लिहावं? पण या रजेत माळा आवरताना एक फळी हाताला लागली आणि विषय निघाला.

फळीच्या खाली तीन गंजलेली बेअरिंगं. पुढे एक, मागे दोन. पुढच्या आडव्या दांड्यावर पाय ठेवून वळवायचं, आणि ब्रेक म्हणजे चपलेची टाच. आमच्या लहानपणीची बेअरिंगची गाडी.

बाबा भिलाई स्टील प्लांटच्या रेल मिलमध्ये होते. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इथली पहिली भट्टी सुरू झाली, आणि पुढच्या काळात देशभरातून माणसं इथे कामाला आली. नागपूरकडून आलेल्या मराठी घरांपैकी एक आमचं. मी बेअरिंगांसाठी हट्ट धरला, तेव्हा बाबांनी सुपेल्याच्या भंगारवाल्याकडून रोख पैसे देऊन ती आणली. "प्लांटमधला एक नटसुद्धा या घरात येणार नाही," हा त्यांचा नियम. गाडी मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने बनवली.

एका सकाळी ते रात्रपाळी करून आले. आम्ही पोरं कॉलनीमागच्या बांधावरून गाडी सोडत होतो. काही न बोलता ते त्याच कपड्यांत फळीवर बसले आणि सुटले. अर्ध्या उतारावर त्यांनी जी आरोळी ठोकली, तशी मी ना त्याआधी ऐकली, ना त्यानंतर. खाली उठून पँट झटकली आणि म्हणाले, "चला, शाळेची वेळ झाली."

ही आरोळी मला पुन्हा आठवली ती 2018 च्या हिवाळ्यात, तेरा-चौदा हजार फुटांवर. जागेचं नाव सांगत नाही. मी कंपनी कमांडर, सोबत मराठा जवान. रस्ता नोव्हेंबरातच बंद झालेला. पुढचं सगळं हेलिकॉप्टरवर, आणि हेलिकॉप्टर हवामानावर.

बर्फ आमच्यासाठी खेळायची वस्तू नव्हती. दोनच वर्षांपूर्वी, 3 फेब्रुवारी 2016 ला, सियाचीनच्या सोनम पोस्टवर हिमस्खलनाने दहा जवान गाडले होते. लान्स नाईक हनुमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले, आणि 11 फेब्रुवारीला दिल्लीत गेले. आमच्या प्रत्येक पोराला हे माहीत होतं. रोज सकाळी डीआरडीओच्या हिमस्खलन संस्थेचा इशारा ऐकूनच पहारा निघायचा.

अशात सूबेदार साहेब एक दिवस बंकरमागे घेऊन गेले. रॉकेलचा रिकामा जेरीकॅन उभा चिरलेला, त्याला रेशनच्या खोक्याची फळी बोल्टने बसवलेली, पुढे दोरी. बुडाला मेणबत्ती घासून चकचकीत केलेलं.

"हे काय?"

"घसरगाडी, साहेब. पोरांनी बनवली. परवानगी मागतायत."

मी नाही म्हणालो. उद्या कुणाचा पाय मोडला तर कोर्ट ऑफ इन्क्वायरीत काय सांगणार, जवान खेळत होता? हेलिकॉप्टर आलं नाही तर तो मोडका पाय घेऊन किती दिवस बसायचं?

सूबेदार साहेब जरा थांबले. "साहेब, दोन महिने झाले, पोस्टवर कुणी मोठ्यानं हसलेलं नाही."

त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं. आमच्या एका नाईकाचे वडील गेले होते. पोरगा गुहागरकडचा. निरोप लाइनवर आला, पण अकरा दिवस हेलिकॉप्टर उडालं नाही. अग्नी धाकट्या भावाने दिला. दहावं झालं, बारावं झालं, हा इथेच. नंतर हवा उघडली तेव्हा "आता जाऊन काय करू," म्हणाला. ड्यूटी चोख करायचा, जेवायचा, विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचा. त्याच्याभोवती सगळी पोस्ट गप्प झाली होती. त्याच्यासमोर हसायचं कसं?

मी रात्रभर विचार केला. गुलमर्गचं हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल 1948 साली सुरू झालं तेच मुळी स्की शाळा म्हणून. बर्फावर घसरणं हे सैनिकाचंच काम आहे. सकाळी परवानगी दिली, पण फौजी पद्धतीने. हिमस्खलन बहुतेक 30 ते 45 अंशांच्या उतारावर होतं, म्हणून पोस्टच्या मागचा अगदी मंद उतार निवडला, खाली सपाट मैदान. गुलमर्गहून कोर्स करून आलेल्या हवालदाराने काठी खुपसत बर्फ तपासला. ताजा बर्फ पडला की बंद. ऊन चढायच्या आत उरकायचं. प्रत्येकी दोनच फेऱ्या, कारण खाली यायला दहा सेकंद आणि धापा टाकत वर यायला दहा मिनिटं. घाम अंगावर गोठला तर खेळ महागात पडतो, म्हणून लगेच कोरडे मोजे आणि बुखारीजवळ चहा.

रविवारी तिशी-चाळिशीचे बाप्ये रांगेत उभे राहिले, जत्रेतल्या पाळण्यासमोर पोरं राहतात तसे. "माझा नंबर आधी" यावरून दोन हवालदार खरोखर भांडले.

नाईक सगळ्यात शेवटी बसला. आवाज न करता खाली गेला, टोकाला कलंडला, आणि उठला नाही. आम्ही धावलो. तो बर्फात उताणा पडून हसत होता. मग त्या हसण्याचं रडणं झालं. कुणी काही बोललं नाही. सूबेदार साहेबांनी गाडी उचलली, स्वतः वर नेली आणि "बोल छत्रपती शिवाजी महाराज की जय" म्हणत त्या वयात खाली आले. सगळ्यांनी जयजयकार केला. नाईकानेही.

संध्याकाळी चहाच्या वेळी तो आपणहून बोलला. "साहेब, बापानं मला पोफळीच्या विरीवर बसवून सगळी वाडी फिरवलेली. पुढे तो ओढी, मागे मी बसलेला. महिनाभर मला त्याचा चेहराच आठवत नव्हता. आज दोरी दिसली नि आठवला."

त्याची भरपाई झाली असं मी म्हणणार नाही. बारावं परत येत नाही. पण पुढच्या हेलिकॉप्टरने तो रजेवर गेला, स्वतः अर्ज करून.

सतराव्या वर्षी खडकवासल्याला गेलो, तेव्हा लहानपण रुआबांध्यालाच ठेवून गेलो असं मला वाटायचं. अकादमीने जोखीम मोजायला शिकवलं, आणि त्या शिकवणीने माझी माणसं जिवंत ठेवली. पण फक्त "नाही" म्हणणं म्हणजे जोखीम मोजणं नव्हे, हे मला त्या जेरीकॅनने शिकवलं.

ही गोष्ट मी बाबांना कधी सांगितली नव्हती. परवा फळी पुढ्यात घेऊन सांगितली. ऐकून ते बराच वेळ बेअरिंग बोटाने फिरवत बसले. फिरत नव्हतं. "रात्रभर तेलात ठेव," म्हणाले.

सकाळी बांधावर गेलो. आधी माझी लेक, मग मी. वळण चुकलं, आपटलो, कोपर सोललं. वर काठी टेकून उभे असलेले बाबा मोठ्याने हसले.

"टाच टेकायची असते रे," ते ओरडले. "एवढंही शिकवलं नाही तुझ्या फौजेनं?"