जुन्या गाडीला कोणती बॅटरी?

आपल्या वस्त्यांतून आता चारचाकी दिसू लागली आहे. ती बहुधा जुनी असते. कुणी निवृत्तीच्या पैशातून घेतलेली, कुणी दोघा-तिघांनी मिळून घेतलेली. विकत घेताना आपण इंजिन पाहतो, टायर पाहतो, कागद पाहतो. बॅटरीकडे मात्र ती बंद पडल्यावरच लक्ष जाते. मग घाईघाईने दुकान गाठायचे आणि दुकानदार देईल ती उचलायची, अशी रीत आहे. तीन-चार हजार रुपये म्हणजे आपल्या घरातला महिन्याचा किराणा. तो असा डोळे मिटून का खर्च करावा?

आम्ही उत्तर नागपुरात राहतो. दोन भाऊ, दोघी जावा, मुले आणि आई असे आमचे एकत्र कुटुंब आहे. आमच्याकडे २००९ सालची मारुती ८०० आहे. २०२४ मध्ये तिला पंधरा वर्षे झाली, तेव्हा तपासणी करून नोंदणी पाच वर्षे वाढवून घेतली. आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावे लागते. पहाटे साडेपाचला निघायचे असते. त्या वेळी ऑटो मिळेलच याचा भरवसा नाही आणि उशीर झाला तर नंबर जातो. म्हणून ही गाडी आमच्या घरी चैनीची वस्तू नाही. ती पहिल्या सेल्फला सुरू झालीच पाहिजे.

यंदा मे महिन्यात ती कुरकुरू लागली. चावी फिरवली की आवाज मंद, मग नुसते टक-टक. मोहल्ल्यातून सल्ले येऊ लागले. एक म्हणाले, मोठ्या गाडीची बॅटरी टाका, म्हणजे कटकट मिटेल. दुसरे म्हणाले, घरची इन्व्हर्टरची बॅटरी पडून आहे, तीच लावा. तिसऱ्यांनी जुन्या बॅटरीत नवे ॲसिड भरून अर्ध्या किमतीत देणाऱ्याचा पत्ता दिला. सगळे आपुलकीनेच बोलत होते. पण आपुलकीने सांगितलेली गोष्ट खरी असतेच असे नाही. आमची थोरली मुलगी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा ट्रेड शिकते. आमच्या ओळखीचे एक वायरिंग मिस्त्री आहेत, त्यांचेही तिच्यासारखेच म्हणणे पडले, "भाऊ, आधी मीटर लावा, मंग बॅटरीचं बोला." आम्ही त्या दोघांचे ऐकले.

पहिला प्रश्न असा की बॅटरीच गेली आहे काय? गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात आणि प्रत्येक कप्पा दोन व्होल्टहून थोडा जास्त देतो. रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी मीटर लावले तर भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे साधारण अर्धी उरलेली, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. आमची ११.९ दाखवत होती. पण रिकामी बॅटरी आणि मेलेली बॅटरी यांत फरक आहे. म्हणून ती दुकानात हळू चार्जिंगला लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा १२.१ वर आलेली आणि सेल्फ मारताना ८.६ पर्यंत घसरली. चांगली बॅटरी सेल्फच्या वेळी साडेनऊच्या खाली सहसा जात नाही. साडेचार वर्षे झाली होती. तिचे आयुष्य संपले हे पटले.

तरी तपासणी तिथे थांबवली नाही. इंजिन चालू करून मीटर लावले तेव्हा १४.२ व्होल्ट आले. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा आला म्हणजे अल्टरनेटर बॅटरी भरत आहे. तो कमी असता तर नवी बॅटरीही पंधरा दिवसांत बसली असती आणि दोष बॅटरीवर आला असता.

नंतर मुलीने गाडी बंद करून, दारे लावून, मीटर वायरच्या मध्ये जोडून पाहिले. गाडी झोपलेली असताना ०.३ अँपिअर वीज कुठेतरी जात होती. पहिल्या मालकाने बसवलेल्या टेपच्या अँप्लिफायरची ती करामत निघाली. आकडा लहान वाटतो, पण हिशेब करून पाहा. ०.३ गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला ७.२ अँपिअर-अवर. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी अडीच दिवसांत अर्धी! जुन्या गाडीत ०.०५ अँपिअरपर्यंतची गळती चालते. अँप्लिफायर काढून टाकला. तो तसाच राहिला असता तर नवी बॅटरीही आईच्या दवाखान्याच्या दिवशी दगा देती.

दुसरा प्रश्न मापाचा. मारुती ८०० चे इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे. तिला ३५ अँपिअर-अवरची लहान बॅटरी लागते, बाजारात तिला ३५ एएच म्हणतात. गाडीच्या पुस्तकात किंवा कंपनीच्या तक्त्यात तुमच्या मॉडेलपुढे माप दिलेले असते. जुन्या बॅटरीवर ३८बी२० असा क्रमांक असेल तर त्यातला २० हा लांबी साधारण वीस सेंटिमीटर असल्याचे सांगतो. पुढे एल किंवा आर असे अक्षर असते. त्यावरून टर्मिनल कोणत्या बाजूला आहे ते कळते. हे अक्षर चुकले तर वायर पोचत नाही किंवा ताणली जाते. टर्मिनलची जाडीही दोन प्रकारची मिळते. बारीक टर्मिनलवर जाड क्लॅम्प सैल बसतो आणि मग धक्का मारत बसावे लागते. जुनी बॅटरी सोबत नेली की हे सारे प्रश्न दुकानाच्या ओट्यावरच सुटतात.

मोठी बॅटरी बसवली तर काय होते? ट्रेमध्ये नीट बसली आणि पट्टीने आवळता आली तर थोडी मोठी चालून जाते. पण उंच बॅटरीचे टर्मिनल बॉनेटच्या पत्र्याला लागले तर ठिणगी उडते, आग लागू शकते. शिवाय गरज काय? सेल्फ मारताना शंभराच्या वर अँपिअर लागतात हे खरे, पण ते दोन-तीन सेकंदच. दीडशे अँपिअर तीन सेकंद ओढले तरी एक अष्टमांश अँपिअर-अवर खर्च होतो. तेवढा इंजिन काही मिनिटांत भरून काढते. म्हणून निरोगी गाडीला तिच्या मापाची बॅटरी पुरते.

काही दुकानदार सीसीए नावाचा आकडा दाखवून महाग माल गळ्यात मारतात. ही बॅटरीची थंडीतली ताकद असते आणि ती उणे १८ अंश तापमानाला मोजतात. नागपूरला मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. आपल्याकडे बॅटरीला मारते ते ऊन. उष्णतेने आतली रासायनिक क्रिया वेगाने चालते, पट्ट्या लवकर झिजतात, पाणी उडते. सीसीएसाठी जास्तीचे पैसे देण्यापेक्षा गाडी सावलीत लावणे शहाणपणाचे.

तिसरा प्रश्न प्रकाराचा. इन्व्हर्टरची बॅटरी हळूहळू आणि तासन्‌तास वीज देण्यासाठी बनवलेली असते. सेल्फचा झटका हे तिचे काम नाही. सिग्नलला आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणाऱ्या नव्या गाड्यांना एजीएम किंवा ईएफबी जातीची महागडी बॅटरी लागते. आपल्या जुन्या गाडीला तिची जरूर नाही. राहिल्या दोन, एक पाणी घालायची आणि एक पाणी न घालता चालणारी. आमच्या घरात दोघी जावांपैकी एक महिन्याच्या पहिल्या रविवारी गॅस, लाइट, पाण्याचा हिशेब वहीत लिहिते. त्याच दिवशी बॅटरी पाहायची असे ठरले आणि आम्ही पाणी घालायची घेतली. ज्यांच्याकडे असे लक्ष द्यायला कुणी नाही त्यांनी दुसरी घ्यावी. पाणी म्हणजे दुकानात मिळणारे बॅटरीचे पाणीच. नळाचे नको आणि वरून ॲसिड तर मुळीच नको.

चौथा प्रश्न तारखेचा. दुकानात पडून राहिलेली बॅटरी आपोआप उतरत जाते आणि पट्ट्यांवर सल्फेटचा कडक थर बसतो. म्हणून बनल्याची तारीख विचारा. सांकेतिक अंकात असेल तर दुकानदाराकडून उलगडून घ्या. तीन महिन्यांच्या आतली असावी. वॉरंटीचे कार्डही वाचा. ३६ महिने लिहिले म्हणजे ३६ महिने फुकट बदलून मिळेल असे नव्हे. पुष्कळदा पहिले १८ महिने फुकट आणि पुढचे १८ महिने नव्या बॅटरीच्या किमतीत काही सूट, असे असते. गाडी टॅक्सीला चालत असेल तर मुदत कमी असू शकते. पक्के बिल घ्या, कार्डावर गाडीचा नंबर, तारीख आणि शिक्का घ्या. "बिलाशिवाय दोनशे कमी करतो" असे आम्हालाही एका दुकानात म्हणाले. आम्ही दुसरे दुकान पाहिले.

बसवताना जुन्या बॅटरीचे निगेटिव्ह आधी सोडावे, मग पॉझिटिव्ह. नवीला आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. असे केले म्हणजे पाना चुकून पत्र्याला लागला तरी शॉर्ट होत नाही. जवळ बिडी-काडी नको, कारण बॅटरीतून जळणारा वायू निघतो. ॲसिड अंगावर उडाले तर भरपूर पाण्याने धुवावे.

आता जुन्या बॅटरीविषयी. तिचे निम्म्याहून अधिक वजन शिशाचे असते. शिशाला भाव आहे, म्हणून काही ठिकाणी वस्तीतच बॅटऱ्या फोडतात, ॲसिड नालीत ओततात, शिसे उघड्यावर वितळवतात. हे काम करणारी माणसे आपल्यासारखीच गरीब असतात आणि बाजूला त्यांचीच लेकरे खेळत असतात. शिशाची धूळ पोटात गेली की मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो, अभ्यासात मागे पडतात. शिशाचे अमुक एक प्रमाण निर्धोक आहे असे जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. मुलांच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा काढणाऱ्या घरांनी हे ध्यानात ठेवावे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून नोंदणीकृत कारखान्यात पोचवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तेव्हा जुनी बॅटरी नव्या बॅटरीच्या दुकानातच द्या. तिचे पैसे बिलातून वजा होतात. भंगारवाला शंभर रुपये जास्त देत असला तरी ते शंभर रुपये कुणाच्या तरी लेकराच्या अंगातून वसूल होतात.

आमची नवी बॅटरी पावसाळ्याआधी बसली. दवाखाना जवळ आहे, तेवढ्या फेरीत बॅटरी पूर्ण भरत नाही, म्हणून रविवारी अर्धा तास गाडी फिरवून आणतो. मीटर अडीचशे रुपयांचा आहे, तो आता शेजारीही मागून नेतात आणि मुलगी त्यांना आकडा वाचायला शिकवते. तुमच्याही वस्तीत आयटीआय शिकणारा एखादा मुलगा किंवा मुलगी असेलच. दुकानात जाण्याआधी त्यांना घरी बोलवा, चहा पाजा आणि गाडी दाखवा.