तीन बदाम

शहागडला, गोदाकाठच्या आमच्या जुन्या वाड्यात, दिवाळीच्या सुटीत ब्रिजचा डाव बसे. दादा माझे भिडू, समोर चुलतबंधू. एका रात्री दादांनी ‘एक बदाम’ म्हटले आणि उजवीकडून लगेच ‘डबल’ आले. हे डबल दंडाचे नव्हे. ‘तुझा रंग सांग’ असे ते आपल्या भिडूस केलेले पाचारण. माझ्या हाती चार बदाम, इस्पिकाचे एकच पान आणि बाकी सारे दारिद्र्य. मी भीतभीत ‘दोन बदाम’ म्हटले. डावीकडच्यांनी सहज ‘दोन इस्पिक’ सांगितले, आणि पाहता पाहता चार इस्पिकांचा डाव करूनही दाखविला.

वास्तविक ‘तीन बदाम’ म्हणावयास हवे होते. एरवी ही उडी बळाची; डबलनंतर मात्र ती दुबळ्याची, कारण सबळाने ‘रीडबल’ म्हणावे असा संकेत आहे. व्हेर्न नामक फ्रेंच गृहस्थाने १९६९ साली मांडलेला हिशेबही हेच सांगतो : दोघांत मिळून नऊ हुकूम असतील, तर नऊ हातांपर्यंत बोलावे.

“पाने वाईट होती, दादा.”

“म्हणूनच मोठ्याने बोलायचे,” पाने गोळा करीत दादा म्हणाले.

त्याच दुपारी वाड्याच्या वाटणीच्या बैठकीतही मी असाच हळू बोललो होतो. त्याविषयी ते काहीच बोलले नाहीत.