उभ्या गाडीचं वय

गाडी चालून झिजते हे कुणाला सांगावं लागत नाही. ती नुसती उभी राहूनही झिजते, हे मात्र पटवून द्यावं लागतं, आणि पटलं तरी ते आतपर्यंत पोचत नाही. जुन्या मोटरहोमच्या जाहिरातीत ‘वय पंधरा वर्षं, चाललेली फक्त अकरा हजार मैल’ असं वाचलं की भल्याभल्यांचे डोळे लकाकतात. माझ्या नवऱ्याचेही लकाकले. मला त्या आकड्यात पंधरा हिवाळे दिसले.

आम्ही मिशिगनमध्ये राहतो. इथे नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत घरांच्या कडेला, शेतातल्या कोठारांमागे मोटरहोम ताडपत्री पांघरून उभी असतात. ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते: ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेलं एका खोलीचं घर. आत ओटा, शेगडी, फ्रीज, संडास-न्हाणी आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर माळ्यावरचा पलंग. आम्ही बघत होतो त्या फोर्डच्या ई-४५० सांगाड्यावरच्या गाड्या. दहा सिलिंडरचं ६.८ लिटरचं पेट्रोल इंजिन, भरल्या घराचं वजन सहा टनांच्या आसपास, आणि एका लिटरला चार किलोमीटर मिळाले तर नशीब. घर पाहावं बांधून म्हणतात. हे बांधलेलं मिळतं, पण त्याला पिस्टन असतात.

निवृत्तीनंतर लेक सुपीरियरच्या काठाकाठाने हिंडायचं, हे स्वप्न नवऱ्याचं. कुठल्याही गाडीत शिरला की तो गाद्या दाबून बघायचा, पडदे सरकवायचा, आणि खिडकीतून समोरच्या गॅरेजऐवजी तळंच बघत उभा राहायचा. मी बाहेर, बॉनेट उघडून डिपस्टिक ओढत असायची. स्वभावातला फरक म्हणा, पण त्याहून जास्त तो माझ्या पहिल्या नोकरीचा परिणाम. माटुंग्याला शिकून मी ट्रॉम्बेच्या बाजूला एका वंगणाच्या प्रयोगशाळेत लागले होते. तिथे एकच तेल दोन तापमानांवर वाहायला लावायचं, ४० अंशांवर आणि १०० अंशांवर. काचेच्या बारीक नळीतून ते खाली उतरायचं आणि आम्ही स्टॉपवॉच धरून त्याच्यासमोर बसायचो. बाहेर चेंबूरच्या रस्त्यावर जो तो घाईत, आणि आम्हाला पगार मिळायचा तो एक द्रव किती सावकाश खाली येतो हे बघण्याचा. बसचं, बोटींचं, कारखान्यांतलं वापरलेलं तेलही तपासायला यायचं. तापलेल्या पत्र्यावर त्याचा थेंब टाकायचा. आत पाणी असेल तर तो फोडणीतल्या मोहरीसारखा तडतडायचा. दुसरा थेंब गाळण कागदावर ठेवायचा आणि वाट बघायची. थेंब हळूहळू पसरून एकसारखं करडं वर्तुळ झालं, तर काजळी विखरून धरण्याची तेलाची ताकद शाबूत. काजळी मधल्या काळ्या ठिपक्यातच अडकली आणि ठिपक्याची कडा ठळक उठली, तर ती ताकद संपली. मोटरहोम बघायला जाताना माझ्या पर्समध्ये कॉफीचे गाळण कागद असायचे. नवरा ओळखीच्यांना हे कौतुकाने सांगायचा की लाजेने, ते मी कधी विचारलं नाही.

काळं तेल म्हणजे वाईट तेल, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. इंजिनच्या तेलात नुसतं तेल नसतं. आतला जळकट थर सोडवून अंगावर घेणारी, काजळीचे कण एकमेकांना चिकटू न देणारी रसायनं त्यात मिसळलेली असतात. ते काळं होतं ते काम करून. डिझेल इंजिनात तर नवं तेल थोड्याच प्रवासात काळंकुट्ट होतं. मला धास्ती वाटते ती सोनेरी तेलाची. पंधरा वर्षांच्या गाडीत, विकायच्या आदल्या दिवशी ओतलेल्या. आधीच्या तेलाकडे जी काही साक्ष होती, ती काल दुपारी डब्यात ओतून कुणीतरी विल्हेवाटीला देऊन आलेलं असतं. त्या अकरा हजारवाल्या गाडीत तेच होतं. “कालच बदललं, खास तुमच्यासाठी,” मालक तत्परतेने म्हणाले. त्याआधी कधी बदललं होतं, यावर त्यांनी आकाशाकडे पाहिलं. बिलं? ती बायकोकडे असतील. बायको? ती फ्लोरिडात.

तेल ओतायच्या तोंडाचं झाकण मात्र बदलायचं राहून गेलं होतं. आतून त्याला पिवळट पांढरा, चिकट थर धरला होता. हा थर म्हणजे दरवेळी मरणाची खूण नव्हे. कूलंटही कमी होत असेल तर हेड गॅस्केट गेल्याची शंका घ्यावी आणि शांतपणे निरोप घ्यावा. पण पुष्कळदा ते नुसतं साचलेलं पाणी असतं, आणि ते येतं पेट्रोलमधूनच. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. बहुतेक सगळं वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं, थोडं पिस्टनच्या रिंगांजवळून निसटून खाली चेंबरमध्ये उतरतं, आणि त्याच्याबरोबर थोडं न जळलेलं पेट्रोलही. लांबच्या प्रवासात तेल नीट तापतं आणि हे पाहुणे आले तसे उडून जातात.

आता हिवाळ्यात कनवाळू मालक काय करतात? आठवड्या-पंधरवड्याने गाडीपाशी जातात, दहा मिनिटं इंजिन चालवतात, तिलाही बरं वाटतं म्हणतात आणि बंद करतात. तापमानाचा काटा वर आलेला असतो, तेल मात्र कोमटच. दर खेपेला थोडं पाणी, थोडं कच्चं पेट्रोल आणि जळणातून आलेली थोडी आम्लं मागे राहतात. त्या आम्लांशी झुंजायला तेलात अल्कलीचा साठा दिलेला असतो. तो आटला की पाळी बेअरिंगच्या मऊ धातूची. हे नुकसान मायेने केलेलं असतं, म्हणून त्याबद्दल कुणाला बोलायला जीभ रेटत नाही. मी बोलते. माया असेल तर गाडी रस्त्यावर काढावी, तासभर तरी पळवावी. बर्फामुळे ते होत नसेल तर हिवाळ्याआधी नवं तेल भरावं, एक फेरी मारून ते सगळीकडे फिरवावं आणि वसंतापर्यंत तिला झोपू द्यावं. मैल झाले नाहीत तरी तेल वर्षातून एकदा बदलायचंच.

ते टाळलं का जातं, याचं आळस हे अर्धंच उत्तर आहे. दहा-अकरा फूट उंचीची ही गाडी झटपट तेल बदलून देणाऱ्या बहुतेक दुकानांच्या दारातून आत शिरत नाही. ट्रकवाल्यांच्या गॅरेजात न्यायची तर दिवस मोडतो. मैल तर झालेलेच नसतात. मग पुढच्या वर्षी बघू.

अशा ‘पुढच्या वर्षी’च्या गाड्या सध्या पुष्कळ आहेत. आमच्या शेजारच्या इंडियाना राज्यात एल्कहार्ट नावाचं गाव आहे. अमेरिकेतली बहुतेक फिरती घरं त्या पट्ट्यात बांधली जातात. तिथल्या संग्रहालयात मे वेस्ट या नटीसाठी १९३१ साली शेव्हरोलेच्या सांगाड्यावर केलेली घरगाडीही ठेवलेली आहे. करोनाच्या काळात विमानं आणि हॉटेलं नकोशी झाली आणि २०२१ मध्ये या उद्योगातून सहा लाखांवर फिरती घरं बाहेर पडली. त्यांत गाडीमागे जोडून ओढायचीच जास्त होती, पण मोटरहोमही होती. जग पुन्हा उघडलं, माणसं विमानतळावर गेली, घरं ताडपत्रीखाली.

आणि मोटरहोमला इंजिनं दोन असतात हे विसरू नये. बाहेरच्या एका कप्प्यात जनरेटर दडलेला असतो. त्याला मैल नाहीत, तासांचं मीटर. आम्ही बघत होतो तसल्या चार किलोवॅटच्या जनरेटरला दर दीडशे तासांनी किंवा वर्षातून एकदा तेल लागतं, तेही जेमतेम दीड लिटर. महिन्यातून एकदा भार देऊन तो दोनेक तास चालवावा, असं बनवणारेच सांगतात. एवढंसं काम, आणि हेच सगळ्यात दुर्लक्षित. कित्येक ठिकाणी आम्ही बटण दाबलं तर तो नुसताच कण्हला. आत कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल वाळून चिकट राळ झालेली. टायरचंही तेच. नक्षी कोरीकरकरीत, पण कडेवरचे शेवटचे चार अंक वाचावेत: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. रबर न फिरताही म्हातारं होतं.

शेवटी आम्ही गाडी घेतली ती एका निवृत्त शेतकऱ्याकडून. सत्तर हजारांवर मैल, गाद्यांचा रंग उडालेला, एका पडद्याचा कोपरा कुत्र्याने खाल्लेला. नवऱ्याचा चेहरा पडला. मी न मागताच त्या गृहस्थांनी मला एक वही दिली. पेन्सिलीने लिहिलेली. तारीख, मैल, कोणतं तेल, कोणता फिल्टर, जनरेटरचे तास. छत कुठे गळलं आणि ते कशाने बुजवलं, तेही. मध्ये एका पानावर लिहिलं होतं: ‘गुडघे. आता खाली शिरता येत नाही. शेजारचा मुलगा करील.’ पुढची नोंद: ‘मुलाने ड्रेनचा नट नको तेवढा आवळला. सांगून ऐकत नाही.’

विकायच्या वस्तूची उणीदुणी विकणाऱ्याच्याच अक्षरात वाचायला मिळणं, याला माझ्या लेखी कुठल्याही तपासणीपेक्षा जास्त मोल आहे. तरी सवय जाईना. मी थेंब घेऊन कागदावर ठेवला. त्यांनी कॉफी आणली. आम्ही मक्याच्या पिकाबद्दल बोलत राहिलो आणि थेंब आपल्या चालीने पसरत राहिला.

“काय म्हणतोय कागद?” त्यांनी विचारलं.

“तुमची वही खरी आहे म्हणतोय.”

“ते मला ठाऊक होतं,” असं म्हणून त्यांनी कप उचलले.

गाडी घरी आल्यावर पहिलं काम तेल बदलण्याचं. विकणारा कितीही सज्जन असला तरी इथून पुढचा हिशेब आपला, आणि तो कोऱ्या पानावर सुरू झालेला बरा. गाडीखाली चटई टाकून मी पाना लावला. नट हलेना. वही इथेही खरी निघाली. पान्याला लांब पाइप अडकवून जोर लावला तेव्हा तो कुरकुरत सुटला आणि साडेपाच-पावणेसहा लिटर तेल जाड धारेने घमेल्यात उतरू लागलं. ती धार बघत पडून राहणं मला आवडतं. आजोळी बैलगाडीच्या आसाला एरंडेल घालत, त्याचा वास आठवतो. पहिल्या महायुद्धातल्या काही विमानांच्या गरगर फिरणाऱ्या इंजिनांतही एरंडेलच असायचं. तेल बदलण्याची भानगडच नव्हती, ते बाहेर फेकलं जायचं आणि वैमानिकाच्या तोंडावर यायचं. त्यांच्या पोटाचं काय होत असेल, हे चमच्याने एरंडेल प्यायलेल्या आमच्या पिढीला सांगायला नको.

आता पुण्याचा भाचा मागे लागलाय. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून त्याच्या डोक्यात हे खूळ आहे. परवा त्याने फोटो पाठवला: टेम्पो ट्रॅव्हलरचा केलेला कॅम्पर, सेकंडहँड. ‘मावशी, आतून फर्स्टक्लास आहे, पण ऑइल काळं आहे. सोडून देऊ का?’ त्याला जे लिहिलं तेच तुम्हालाही सांगते. डिझेल आहे, तेल काळंच असणार. त्यावरून सोडू नकोस. बिलं माग, तारखा बघ, दोन तारखांमधलं अंतर बघ. झाकणाची आतली बाजू बघ, खालच्या जमिनीवर डाग आहे का बघ. आणि जाण्याआधी मालकांना फोन करून सांग की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. थंड इंजिन पहिल्यांदा चालू होताना जो आवाज करतं आणि जो धूर सोडतं, तो तापल्यावर लपतो. पोचलास की आधी इंजिनावर हात ठेव. गरम लागलं तर भांडू नकोस. चहा घे, गप्पा मार, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता पुन्हा जा.