विचारायचं टाळलं

करार कधी संपतो हे ज्याच्या ध्यानात राहत नाही, त्याच्यासाठी नियम कशाला करायचे, असं माझं वर्षानुवर्षं ठाम मत होतं. ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेचा नियम लागू झाला. कार्डावरून दर महिन्याला आपोआप पैसे कापायचे तर किमान 24 तास आधी ग्राहकाला कळवायचं आणि त्याला नको म्हणायची सोय ठेवायची. त्या महिन्यात माझी काही बिलं अडकली आणि मी चारचौघांत या नियमाची भरपूर टिंगल केली. ब्रिटनमध्ये ग्राहकाने वेळेत 'नको' कळवलं नाही, की लँडलाइन-ब्रॉडबँडचा करार पुन्हा नव्या मुदतीने गळ्यात पडायचा आणि मध्येच सोडला तर दंड व्हायचा. तिथल्या ऑफकॉम या दूरसंचार नियामकाने 2011 च्या अखेरीस घरगुती आणि छोट्या व्यावसायिक ग्राहकांसाठी असे करार बंदच केले. हे वाचून मला हसू आलं होतं. मोठ्या माणसांना बोट धरून चालवायचं का?

या मताला माझ्या धंद्याचाही टेकू होता, हे मात्र मी कुणाला सांगत नसे. लोणावळ्यात मी मुंबई-पुणेकरांच्या बंगल्यांची देखभाल बघतो. पावसाळ्याआधी पन्हळी साफ करायच्या, गच्चीवर ताडपत्री घालायची, नंतर गवत कापायचं. करार वर्षाचा असे, पण एप्रिल उजाडला की न विचारता पुढे चालू होई. पैसे बँकेतून आपोआप येत.

एकदा तुंगार्लीतल्या एका बंगल्याच्या मालकांच्या मुलीचा फोन आला. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. बंगल्यातलं ब्रॉडबँड बंद करायचं होतं. बंद घरातल्या त्या जोडणीचे पैसे आईच्या जोडखात्यातून कापले जात होते. आगाऊ सूचना नियमाप्रमाणे येत होत्या, पण त्या वडिलांच्या नंबरावर, आणि तो फोन कपाटात बंद पडलेला. मी कंपनीवर तोंडसुख घेतलं. गेलेल्या माणसाचे पैसे खातात, लाज कशी वाटत नाही, असं बरंच काही बोललो.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दादा, तुमचेही पैसे अजून जातातच ना?"

टोमणा नव्हता त्यात. ती यादी करत होती. मला उत्तर सुचेना. काका गेल्याचं मला माहीत नव्हतं हे खरं, पण ते कळून घ्यायला एक फोन पुरला असता. तो मी केला नाही, कारण विचारलं की माणूस 'नको' म्हणू शकतो. त्याहून वाईट म्हणजे, मालक फिरकत नाहीत हे ओळखून माझी माणसं तिथे कमी वेळा जात, आणि ते मला ठाऊक होतं. विसरभोळ्या गिऱ्हाइकाला मी मूर्ख म्हणत होतो, आणि त्याच्या विसरण्यावरच माझा नफा उभा होता.

पैसे परत केले. त्यांनी एक शब्दही ऐकवला नाही, तेच जास्त लागलं.

नियमांकडे आता मी वेगळ्या नजरेने बघतो. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रीतल्या फसव्या क्लृप्त्यांची यादी काढली. वर्गणी सुरू करणं सोपं आणि बंद करणं अवघड ठेवणं हा प्रकार त्यात आहे. ते योग्यच झालं. पण कपाटातल्या फोनवर आलेली सूचना कोण वाचणार? ज्या ब्रिटिश नियमाला मी हसलो होतो, तोच आज मला पुरेसा वाटतो: होकार मिळाल्याशिवाय नवी मुदत नाही.

मी आता दर मार्चमध्ये प्रत्येक मालकाला फोन करतो. काहींनी करार सोडले, मिळकत घटली. एखाद्याने फोन उचलला नाही की अजूनही मनात येतं, राहू दे, पुन्हा कशाला विचारायचं? हा मोह धंदेवाल्याच्या भलेपणावर सोडू नये, त्याला कायद्याचा लगाम हवा, हे मी स्वतःवरून सांगतो.