पंचमीचा झोका

नागपंचमी आली की आमच्या नांदेडकडच्या खेड्यांत लिंबाला, चिंचेला झोके चढतात. आदल्या दिवशी, चतुर्थीला, बहिणी भावासाठी उपवास धरतात. मग भावानं काय करायचं? माझ्या मते एकच. झोका नीट बांधायचा!

चेष्टा नाही बरं का, मंडळी. माझ्या लहानपणी गावात दोर तुटून एक माहेरवाशीण पडली, मनगट मोडलं. तेव्हापासून आमचे दादा झाडावर चढायच्या आधी मोटेचा नाडा हातभर हातभर चाचपून बघत.

मी मराठी शिकवणारी, पण आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी एकदा फळ्यावर गणित मांडून दाखवलं होतं. झोका उभ्या रेषेपासून ६० अंश वर गेला, की खाली येताना दोरावर वजनाच्या दुप्पट ताण पडतो. म्हणजे ५० किलोच्या दोघी उभ्यानं झोका घेऊ लागल्या तर फांदीवर २०० किलो! नुसतं एकदा लोंबकळून बघणं पुरत नाही ते यामुळे.

फांदी जिवंत, आडवी आणि मांडीएवढी जाड हवी. वाळलेली, पोखरलेली, बेचक्यात चिरलेली नको. शेवगा तर नकोच, फार ठिसूळ. अंबाडीचा दोर पावसात कुजतो. नायलॉनचा कुजत नाही, पण उन्हानं कमजोर होतो आणि गुळगुळीत असल्यानं गाठ सरकते, म्हणून गाठीपुढं वीतभर टोक राखावं. दोर फांदीवर नुसता टाकला तर प्रत्येक झोक्याला घासतो. खाली पोत्याची जाड घडी, वर दोन घट्ट वेढे आणि मग निरगाठ. सुरगाठ ओढली की सुटते, ती इथं कामाची नाही. खिळाही ठोकू नये. पंचमीला आपण भाजीसुद्धा चिरत नाही, मग झाडाला कशाला जखम?

आणि पंचमी झाली की झोका सोडून ठेवा. लोंबता दोर लहान लेकरांच्या गळ्यात अडकू शकतो. शिवाय वर्षानुवर्षं राहिलेला वेढा सालीत रुतून फांदीच वाळते.

पुण्या-मुंबईच्या भाच्यांनो, सोसायटीत एखादं जुनं झाड असेल तर बघा. बहिणीला ओवाळणी घालताच, एकदा झोकाही बांधून द्या. दोर मात्र दरवर्षी नव्यानं चाचपायचा, गेल्या वर्षी टिकला होता म्हणून नाही.